पोटखराबा

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर क्षेत्राचे दोन आकडे असतात. एक लागवडीयोग्य क्षेत्राचा, दुसरा पोटखराब्याचा. जमीन मालकीच्या हद्दीत आहे, पण तिच्यावर पीक येणार नाही असं महसूल खात्यानं धरलं, की ती पोटखराब्यात जाते. खडक, ओहोळाचा काठ, खळं, विहीर, शेतातलं घर हे सगळं त्यात येतं. त्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे शेतीला निकामी म्हणून सोडलेली जागा, ‘ब’ म्हणजे रस्ता, पाणवठा, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. या प्रकरणात ‘अ’ वर्गाबद्दल बोलायचं आहे, कारण शेतकऱ्याचं राहतं घर पुष्कळदा तिथंच उभं असतं. चांगली काळी जमीन नांगराखाली ठेवायची आणि घर खडकावर बांधायचं, ही आपल्याकडची जुनी आणि शहाणपणाची रीत. त्यामुळे घराभोवती उरते ती बहुधा त्या शिवारातली सगळ्यात हलकी जागा. परसात काही पिकवायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

नाशिकच्या पश्चिमेला, गिरणाऱ्याच्या पुढे आमची जागा आहे. वाटणीत आलेले ११ गुंठे, त्यातले साडेतीन पोटखराबा. पश्चिमेकडून पूर्वेकडे उतार. वरच्या अंगाला कातळ उघडा पडलेला, तिथंच घर. मधल्या भागात मुरूम आणि त्यावर वीतभर तांबूस माती. खालच्या अंगाला ओहोळ. तो पावसाळ्यात फुगतो आणि दिवाळीनंतर कोरडा पडतो. दक्षिणेच्या बांधाला लागून शेजाऱ्यांची जुनी, उंच चिंच. बोअरला पाणी आहे, पण मार्चनंतर मोटार अर्धा तास चालली की हवा ओढू लागते.

पहिली दोन वर्षं मी निफाडकडच्या द्राक्षबागा डोळ्यांपुढे ठेवून या जागेकडे पाहत होतो. त्या नजरेनं केलेलं जवळजवळ सगळं फसलं. जे पुढे जमलं, ते या जागेला घराचाच भाग धरून वागायला लागल्यावर. दोन किलोमीटरवरच्या काळ्या जमिनीला जे मिळत नाही ते हिला रोज मिळतं: मोरीचं पाणी, चुलीची राख, भाजीची देठं, आणि दिवसातून वीस वेळा तिच्यावरून जाणारी घरच्यांची नजर. दाराशी असणं हेच या जागेचं भांडवल आहे, हे कळायला मला दोन उन्हाळे लागले.

आता अशा तुकड्यांवर जगणारी कुटुंबं थोडी नाहीत. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी वहितीक्षेत्र ४.२८ हेक्टर होतं. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आलं. जमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ पासून राज्यात तुकडेबंदीचा कायदा आहे. त्याखालच्या २०२३ च्या अधिसूचनेनं जिरायतीला किमान २० गुंठे आणि बागायतीला किमान १० गुंठे हे प्रमाण ठरवलं. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौकोन, १,०८९ चौरस फूट. असे ४० झाले की एकर. १० गुंठे म्हणजे पाव एकर.

पाव एकराचा हा आकडा मराठी शेतकऱ्याला आणखी एका माणसामुळे ओळखीचा आहे. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांना त्यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावानं एकमेकांशी जोडलं. एकानं करून पाहायचं, काय झालं ते दुसऱ्याला कळवायचं, दुसऱ्यानं त्यात भर घालायची. तासगावच्या द्राक्षबागाईतदारांच्या प्रयोगांमागे या पद्धतीचा मोठा हात होता. ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकात त्यांचा विचार वाचायला मिळतो. पाच माणसांच्या कुटुंबाला १० गुंठे पुरतात, असं ते आकडेमोड करून सांगत.

हा दावा जसाच्या तसा प्रत्येक जागी उतरेल असं मला वाटत नाही. धान्य, तेल, शाळेची फी आणि दवाखाना हे १० गुंठ्यांत बसवणं अवघड आहे. पण दाभोळकरांनी मोजण्याचं जे माप दिलं ते फार मोलाचं आहे. झाडाच्या वाळलेल्या वजनाचा फार मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आणि पाण्यापासून, उन्हाच्या जोरावर, पानात तयार होतो. मातीतून येणारा खनिजांचा वाटा त्या मानानं अगदी थोडा. म्हणून जमीन किती हे विचारण्याआधी किती पानांवर किती तास ऊन पडतं ते विचारावं, असं त्यांचं म्हणणं. या मापानं पाहिलं की कुंपण, घराची भिंत, ओट्यापुढचा मांडव, कातळावर ठेवलेला मातीचा ढीग हे सगळं क्षेत्रात धरता येतं. सातबाऱ्यावर त्याची नोंद होत नसली तरी पान तिथं ऊन घेतंच.

अशा हलक्या, लहान तुकड्यांचा अनुभव दुसरीकडेही आहे. रशियात सोव्हिएत काळात कारखान्यातल्या कामगारांना गावाबाहेर ६०० चौरस मीटरचे तुकडे मिळत. आपल्या मापानं ते सहा गुंठे होतात. जमीन बहुधा दलदलीची किंवा झुडपाळ, म्हणजे तिथला पोटखराबाच. सोव्हिएत संघ मोडल्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत त्या देशातला बहुतेक सगळा बटाटा असल्या घरगुती तुकड्यांवर आणि खेड्यांतल्या परसात पिकत होता. मोठी शेतं तेव्हाही होती. पण या लहान तुकड्यांवर घरचाच माणूस कामावरून सुटला की राबत होता, आणि त्या वेळेची मजुरी कोणाला द्यायची नव्हती.

परसात जवळ काय लावायचं आणि लांब काय, हेही घरच्यांच्या हातावर आणि नजरेवरच ठरतं. जे रोज तोडायचं ते स्वयंपाकघराच्या दारापासून दहा पावलांत: कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, गवती चहा. जे आठवड्याला लागतं ते त्याच्या पलीकडे: शेवगा, लिंबू, दोडका, अळू. वर्षातून एकदा हात लागणारं, म्हणजे आंबा, सीताफळ, बांबू, टोकाला. मी पहिल्या वर्षी मिरची लावली ती मोकळी जागा दिसली म्हणून पार खाली ओहोळाकडे. पानांवर चुरडा-मुरडा पडला तो आठ दिवसांनी दिसला, तोवर शेंडे आवळून गेले होते. पुढच्या वर्षी तीच मिरची मोरीच्या वाटेवर लावली. पहिलं पान मुडपलं त्याच दिवशी आईनं ते रोप उपटून लांब नेऊन टाकलं. औषध न मारता बाकीची रोपं संक्रांतीपर्यंत मिरच्या देत राहिली.

काय लावू नये हेही सांगतो. लासलगावचा बाजार ज्या जिल्ह्यात आहे तिथं परसात कांदा लावण्यात अर्थ नाही. गहू, बाजरी, सोयाबीन यांना एवढ्याशा जागेत घेऊन काही हाती लागत नाही. मेथीसुद्धा हंगामात नाशिकच्या बाजारात इतकी येते की तिच्यासाठी उन्हाळ्यातलं पाणी खर्चणं परवडत नाही. परसात ते लावावं जे बाजारात नेईपर्यंत कोमेजतं, जे थोडंच लागतं पण रोज लागतं, किंवा जे बाजारात मिळतच नाही.

मोरीचं पाणी

नाशिक जिल्ह्याचा पाऊस एका आकड्यात सांगता येत नाही. इगतपुरीला घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि पूर्वेकडे सिन्नर-येवल्याला पाचशेच्या घरात. पण जानेवारी ते मे हा काळ सगळ्यांना सारखाच कोरडा. पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात पागोळ्यांखाली उभं राहता येत नाही आणि एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. घराभोवतीची बाग मरते ती याच चार-पाच महिन्यांत.

म्हणून आधी पाण्याचा हिशोब करू. ६०० चौरस फुटांचं पत्र्याचं छप्पर म्हणजे ५६ चौरस मीटर. ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर ३९ हजार लिटर पाणी पडतं. उडालेलं, सुरुवातीचं घाण पाणी वजा केलं तरी ३१ हजार हाती लागू शकतं. हा आकडा ऐकून माणसं टाकी बांधायला निघतात. आता मोरीकडे पाहू. जलजीवन मिशन ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतं. पाच माणसांचं २७५. प्यायला, स्वयंपाकाला आणि संडासात जाणारं सोडलं तर २०० लिटर तरी मोरीतून बाहेर येतं. वर्षाचं ७३ हजार. छपरावरून हाती लागणाऱ्या पाण्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय छपराचं पाणी चार महिन्यांत येऊन जातं आणि ते साठवायला सिमेंट, वाळू, पैसा लागतो. मोरीचं पाणी रोज येतं, भर वैशाखात येतं, आणि त्याला साठवण लागत नाही. टाकीला माझा विरोध नाही, पण हातात पैसा थोडा असेल तर आधी मोरीचा पाट नीट करावा.

आपल्या आज्या मोरीच्या तोंडाशी केळ आणि अळू लावत. त्यामागचं गणित अगदी चोख आहे. केळीच्या एका झाडाला उन्हाळ्यात दिवसाला १५ ते २० लिटर पाणी लागतं. अळूचे पाय कायम ओले असले तरी त्याला चालतं. २०० लिटरमध्ये चार केळी, दोन पपया, एक लिंबू आणि अळूचा एक वाफा उन्हाळाभर तग धरतो, हे आम्ही चार वर्षं पाहतो आहोत. फक्त पपईला केळीच्या रांगेत बसवायचं नाही. पपईच्या बुंध्याशी पाणी साचलं की बुंधा कुजतो आणि फळांनी लगडलेलं झाड एका रात्रीत आडवं होतं. तिला हातभर उंच वरंबा करून त्यावर लावायचं आणि पाणी बाजूच्या चरातून जाऊ द्यायचं.

आज्यांच्या काळात भांडी राखेनं घासली जात. आता साबण आणि पावडर आहे, त्यामुळे जुनी रीत जशीच्या तशी चालवून भागत नाही. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो. त्यातलं सोडियम मातीत साचत गेलं की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी खाली जात नाही. चिकण काळ्या मातीत हे लवकर होतं. म्हणून आम्ही दोन पाट केले. भांडी आणि अंघोळीचं पाणी केळीकडे. कपड्यांचं पाणी कर्दळीच्या वाफ्याकडे आणि तिथून कुंपणाच्या गिरीपुष्पाकडे. पावसाळ्यात सगळा वाफा धुऊन निघतो. भांड्यांच्या पाण्याला वाटेत विटांच्या तुकड्यांनी भरलेला एक खड्डा आहे. त्यात तेलकट मळी आणि खरकटं अडकतं. तो महिन्यातून एकदा उपसावा लागतो. काम घाण आहे, पण केलं नाही तर पाट तुंबतो, डबकं होतं, आणि डबकं आठवडाभर टिकलं की त्यातून डासांची एक पिढी बाहेर पडते. कच्चं खायचं काहीही, म्हणजे कोथिंबीर, मुळा, पात, या पाण्यावर घ्यायचं नाही. त्यांना बोअरचं पाणी.

मोरीपासून लांबच्या झाडांना मडकं. कोरं, न भाजल्यासारखं कच्चंही नाही आणि झिलई दिलेलंही नाही, असं साधं मातीचं मडकं झाडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं आणि तोंडावर झाकण ठेवायचं. माती कोरडी झाली की मडकं पाझरतं, ओली असली की थांबतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही पद्धत लिहून ठेवलेली आहे. आमच्या चार सीताफळांना आठवड्याला एकदा मडकं भरतो. दोन-तीन वर्षांनी मडक्याची छिद्रं क्षारांनी बुजतात, तेव्हा ते बदलायचं.

चिंचेची सावली

चिंच शेजाऱ्यांची, सावली आमच्यावर. पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडे फांद्या छाटण्याविषयी बोलायला जाणार होतो. त्याआधी वर्षभर सावलीची हद्द खुंट्या ठोकून पाहिली, आणि मग बोलायची गरज उरली नाही.

नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २० अंशांवर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण साडेशेचाळीस अंश वर. त्या वेळी कोणत्याही वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी, उत्तरेकडे पडते. ४० फुटी चिंचेची सावली ३८ फूट आत येते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी सावली बुंध्याशी गोळा होते. म्हणजे दक्षिणेचं झाड हिवाळ्यात ऊन अडवतं आणि उन्हाळ्याच्या दुपारी फारसं अडवत नाही, आपल्याला नेमकं जे हवं त्याच्या उलट. म्हणून स्वतःची उंच झाडं नेहमी उत्तरेच्या बांधाला लावावीत. मी एक कडुनिंब हौसेनं दक्षिणेला लावला होता, तो तिसऱ्या वर्षी काढावा लागला.

चिंचेखालच्या दोन-अडीच गुंठ्यांत मग हळद आणि आलं गेलं. दोन्ही मे-जूनमध्ये लागतात, पावसाळ्यात ऊन मिळतं तेवढं घेतात आणि थंडीत पानं पिवळी पडेपर्यंत सावली त्यांना खपते. रब्बीची पालेभाजी घराच्या उत्तरेला होती, ती उचलून पूर्वेकडे मोकळ्यात आणली. पश्चिमेच्या भिंतीला चैत्र-वैशाखाचं तिसऱ्या प्रहराचं ऊन लागतं आणि रात्री नऊपर्यंत खोली तापलेली राहते, तिथं शेवगा. शेवग्याची सावली विरळ असते, म्हणून त्याच्याखालीही वाफा चालतो. दर वर्षी शेंगा संपल्या की तो कमरेच्या उंचीवर छाटायचा, नाहीतर शेंगा पत्र्याच्या वर जातात आणि वाऱ्यात फांद्या मोडतात. घरापुढे मांडव, त्यावर पावसाळ्यात दोडका आणि थंडीत वाल. सुरगाणा-पेठकडच्या कोकणा आणि वारली घरांपुढे असा मांडव असतोच. खाली माणसं बसतात, धान्य निवडतात. वर भाताचा पेंढा ठेवतात आणि वेल चढवतात. एवढ्याशा जागेचा याहून दाट वापर मी कुठं पाहिलेला नाही.

कातळ आणि ब्रास

मुरमाच्या जागेत झाड लावायचं म्हणजे आधी खड्डा. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल: २७ घनफूट. पहारीनं एका माणसाला पूर्ण दिवस लागतो, खाली कातळ लागला तर दोन. तो भरायचा कशानं? बाहेरून माती आणताना ती ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे चार खड्ड्यांनाही ती थोडी कमी पडते. आम्ही तळाला पालापाचोळा, ऊस-रसवंतीचं चिपाड, मग धरणाचा गाळ आणि शेणखत असा थर दिला. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे २०१७ पासून उन्हाळ्यात तलावातून गाळ उचलण्याची वाट मोकळी झाली, वाहतूक आपली. गाळ निव्वळ भरू नये, तो वाळला की विटेसारखा होतो. निम्मा मुरूम त्यातच मिसळावा.

माझी पहिली चूक मात्र खड्ड्याची नव्हती. जिथं कातळ तीन फुटांवर आहे तिथं मी आंबा लावला. शिवाय एका रोपवाटिकेतून ‘केशर’ म्हणून घेतलेल्या सहा कलमांपैकी दोनच जगली आणि फळ धरल्यावर कळलं की ती केशर नव्हतीच. चार वर्षं पाणी घातल्यावर हे कळणं फार लागतं. तेव्हापासून कलम कृषी विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच, पावती घेऊन, जोड नीट पाहून. आणि उथळ जागेला आंब्याचा हट्ट सोडून सीताफळ, बोर, आवळा. ज्यांच्याकडे सिन्नर-येवल्यासारखी चुनखडीची जमीन आहे त्यांनी लिंबूवर्गीय झाडं जपून लावावीत. चुन्यामुळे लोह मुळांना मिळत नाही, शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं, आणि कितीही खत घातलं तरी ते फिरत नाही.

जमीन बदलता येत नसेल तर मूळ बदलायचं, हा मार्गही नाशिकच्याच लोकांनी मोठ्या प्रमाणावर वापरला. पाणी घटलं, खारवटलं, तेव्हा द्राक्षबागाईतदारांनी डॉगरिज या अमेरिकन रानटी द्राक्षाची मुळं जमिनीत लावली आणि त्यावर आपल्या जातींची डोळाभरणी केली. आज बाहेर जाणाऱ्या गोड द्राक्षाखाली टेक्सासच्या रानवेलाचं मूळ असतं. परसातही हे चालतं: रानबोर आपोआप उगवतं, त्याचं मूळ तसंच राखायचं आणि त्यावर चांगल्या बोराचा डोळा भरायचा. आमच्या कातळाच्या फटीतली दोन बोरं अशीच झाली. त्यांना मी कधीही पाणी घातलेलं नाही.

वाईट जमिनीवर घर उभं करण्याचा याहून मोठा प्रयोग आमच्यापासून फार लांब झालेला नाही. गांधीजींचे सहकारी मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला ‘बायफ’ ही संस्था सुरू केली. १९८२ मध्ये या संस्थेनं दक्षिण गुजरातमधल्या वांसदा भागात आदिवासी कुटुंबांबरोबर ‘वाडी’चं काम हाती घेतलं आणि पुढे ते सीमेच्या अलीकडे, नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पश्चिम पट्ट्यात आलं. कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांकडची जमीन म्हणजे वरकस उतार. त्यावर नागली, वरई, खुरासणी यायची आणि दर पावसाळ्यात थोडी माती वाहून जायची. दिवाळीनंतर घरं बंद करून माणसं द्राक्षबागांच्या कामावर किंवा आणखी लांब जात.

वाडी म्हणजे अशा उतारावरचा एखादा एकर. त्यात आंबा आणि काजूची चाळीस ते साठ कलमं. प्रत्येक कलमाखाली उताराकडच्या बाजूनं अर्धचंद्राकार बांध, म्हणजे वाहणारी माती आणि पाणी बुंध्याशी थांबतं. कडेनं साग, बांबू, गिरीपुष्प असं जिवंत कुंपण. त्यातून जळण, पाला, पुढे लाकूड. कलमांच्या मधल्या जागेत नागली आणि भाजी चालूच, कारण आंबा-काजू चार-पाच वर्षं काही देत नाहीत आणि तोवर चूल थांबत नाही.

यातला सगळ्यात अवघड भाग उन्हाळ्याचा. ५० कलमांना आठवड्याला प्रत्येकी १० लिटर म्हटलं तर ५०० लिटर. १५ लिटरच्या हंड्यानं ३३ खेपा, उतार चढून, आणि त्या मुख्यतः बायकांच्या डोक्यावर. पहिले दोन-तीन उन्हाळे हे ज्यांनी केलं त्यांच्या वाड्या उभ्या राहिल्या. या कामावर लिहिताना झाडांची संख्या आणि उत्पन्न लिहिलं जातं; त्या खेपा क्वचितच मोजल्या जातात. वाडी एका एकराची का, याचं माझ्या मते खरं उत्तर त्या ३३ खेपांत आहे. दोन एकराचं पाणी एका घराला वाहणं झालं नसतं. परसातही हद्द अशीच ठरवावी: एप्रिलमध्ये किती बादल्या उचलता येतील ते आधी पाहावं आणि मग जूनमध्ये किती रोपं आणायची ते ठरवावं. आपण नेमकं उलट करतो. जूनमधल्या उत्साहात वीस रोपं आणतो आणि मेमध्ये त्यातली पंधरा वाळताना पाहतो.

कोंबड्या, शेळ्या आणि वालाचं बी

कोंबड्यांविषयी थोडक्यात. आठ-दहा गावरान कोंबड्या घरच्या दाण्यावर आणि किड्यांवर निभतात, अंडी खुडूक बसण्यामुळे कमी देतात, पण पिल्लं स्वतः काढतात. मानमोडी आली तर मात्र सगळा खुराडा दोन दिवसांत रिकामा होतो. पिल्लू आठवड्याचं असताना लासोटाची लस नाकात किंवा डोळ्यात एक थेंब घालायची, हे काम कोणीही शिकू शकतं. वाफ्यांना आधी जाळी लावावी, कोंबड्या नंतर आणाव्यात.

शेळीला तर कुंपण पक्कं होईपर्यंत आणूच नये. आपल्या भागातली संगमनेरी शेळी दुधाला आणि मांसाला दोन्हीकडे चांगली, अडचणीला विकता येते, लेंडीखतही उत्तम. पण मोठ्या शेळीला दिवसाला चारेक किलो हिरवा पाला लागतो, आणि तो तुम्ही दिला नाही तर ती तो लिंबावरून घेते. कुंपणाला गिरीपुष्प, शेवरी, सुबाभूळ लावून दोन पावसाळे गेले, की दोन शेळ्यांचा पाला त्यातूनच निघतो. गिरीपुष्पाची चार फुटी काठी जूनमध्ये रोवली तरी जगते.

शेवटी बियाणं. आमच्या दक्षिणेला, डोंगरापलीकडे अकोले तालुक्यातलं कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी, शाळेची पायरी न चढता, घराभोवतीच्या परसातून गावठी वाणांची बियाणं जमवली, वाढवली आणि वाटली. त्यांची बियाणे बँक आज देशाला माहीत आहे आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामात वाल आणि घेवड्याचे जितके प्रकार आहेत तितके कोणत्याही बियाण्याच्या दुकानात नाहीत. मडक्यात राखेत बी ठेवायचं, हे त्यांनी आईबापांकडून आलेल्या ज्ञानातून टिकवलं.

माझ्यासारख्या हलक्या जागेवाल्याला त्यातलं मोल वेगळं आहे. दुकानातलं बी खतपाणी नीट मिळेल असं धरून तयार केलेलं असतं. आमच्या ओट्यापुढचा वाल आईच्या माहेरचा, ब्राह्मणवाड्याकडचा, जांभळ्या कडेच्या शेंगांचा. मुरमात लागतो, पाऊस दहा दिवस लांबला तरी तग धरतो आणि डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत थोडाथोडा देत राहतो. बाजारासाठी हा वाण नालायक आहे, कारण सगळ्या शेंगा एकदम येत नाहीत. घरासाठी तो उत्तम आहे, त्याच कारणानं. आई वेलावरच्या मधल्या, भरलेल्या शेंगांना लाल दोरा बांधते. दोरा बांधलेली शेंग कोणी तोडायची नाही. पाहुण्यांनाही ते सांगून ठेवलेलं असतं. शेंगा वेलावरच वाळल्या की बी राखेत जातं.

लागवडीखाली आणलेला ‘अ’ वर्गाचा पोटखराबा आता अर्ज करून सातबाऱ्यावर लागवडीयोग्य म्हणून नोंदवता येतो. गेल्या वर्षी मी तलाठी कार्यालयात त्याची चौकशी केली. आमच्या साडेतीन गुंठ्यांतले दोन तरी आता त्यात बसतील: कातळावरचे गादीवाफे, बोरं, मोरीच्या खालची केळ. ओहोळाकडचा दीड गुंठा मात्र मी अर्जात धरणार नाही. तिथं करवंद, निरगुडी आणि मोठे दगड आहेत. जुलैत ओहोळ फुगतो तेव्हा पाणी त्या दगडांवर आपटून संथ होतं आणि मगच शेजाऱ्यांच्या भातखाचरात उतरतं. दगड काढून तिथं वाफे केले तर मला चार पेंढ्या पालक मिळेल आणि त्यांचा बांध फुटेल.